कुत्र्याच्या खाण्यावर अडलेला मोतीबिंदू

“आदी तू खा! माझ्या म्होरं खा, मग वजन कर!”

आई ओरडत होती. कोरेगावच्या पेठेतला पेंडीचा व्यापारी गल्ल्यावरून अर्धवट उठून उभा राहिला होता आणि आईच्या तळहातावर कुत्र्याच्या खाण्याचे चार-दोन तपकिरी गोळे होते. सरकी पेंड एका बाजूला, मक्याचा भरडा दुसऱ्या बाजूला आणि मधे एक तोंड उघडं पोतं, त्यात हे गोळे. दुकानात माणूस मावेना. रस्त्यावरची एस.टी. थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कंडक्टर टपावर चढला. यातलं एस.टी.चं सोडून बाकी सगळं अक्षरशः खरं आहे.

“आवं काकी, ते कुत्र्याचं हाय,” व्यापारी म्हणाला.

“मग? पेंड म्हशीची असती. ती न्हाई का खाऊन दावत हुता तुझा बाप?”

आणि दावत होता, हे खरंच होतं. आमच्याकडे पेंड घ्यायची ती चावूनच. विकणाऱ्यानं एक तुकडा चावायचा, घेणाऱ्यानं एक चावायचा, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. कुणाचंही तोंड वाकडं झालं तर पेंड खवट, सौदा मोडला. व्यापाऱ्याच्या वडलांनी आयुष्यभर इतकी पेंड चावली की म्हातारपणी ते दूध द्यायला लागतील अशी अर्ध्या पेठेला आशा होती. आता त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता आणि घराण्याची अब्रू त्या गोळ्यात होती. त्यानं तो तोंडात टाकला. कुडूम असा आवाज झाला.

“खारट हाय,” तो म्हणाला. “वाईट न्हाई.”

आईनंही एक चावला. डोळे मिटून, जबडा सावकाश फिरवत, म्हैस रवंथ करते तशी. “ब्येस हाय,” तिनं निकाल दिला. “बांध.”

आता हे खाणं घ्यायची पाळी का आली, तर आईच्या डोळ्यांमुळं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजव्या डोळ्यातला पिकलेला. लाईटचं बिल वाटत आलेल्या माणसाला जावई समजून तिनं ओवाळलं, पाटावर बसवलं, आणि तोही पुरणपोळी बघून गप्प बसला. शेजारच्या रानातल्या बुजगावण्याशी ती पाटाच्या पाण्यावरून भांडली आणि शेवटी बुजगावण्यानं माघार घेतली असं ती आजही सांगते. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, “लांबवू नका. जास्त पिकला तर काढायला अवघड जाईल.” मी तारीख घेतली. ऑपरेशननंतर तिला काही आठवडे सांगलीत माझ्याकडे ठेवायचं, चुलीच्या धुरापासून आणि गोठ्याच्या धुळीपासून लांब, असं ठरवलं. ती सगळ्याला हो म्हणाली. फक्त निघायच्या आदल्या आठवड्यात तिनं विचारलं, “म्हशीचं भावजी बघत्याल. ह्येचं कोण बघणार?”

‘हा’ म्हणजे कुत्रा. आई मळ्यात एकटी राहते, आणि हा तिचा एकुलता एक सोबती. पूर्वेच्या माणदेशातल्या मेंढपाळांच्या कारवान कुत्र्यांचं रक्त त्याच्यात आहे, असं माझे काका सांगतात. बाकीचं रक्त कुणाचं, हे तेही सांगत नाहीत. लांब तोंड, काटकुळे पाय, आणि फासळ्या अशा की वाऱ्यावर वाजाव्यात. आई त्याला ‘लेका’ म्हणते. मलाही ‘लेका’ म्हणते. हाक आली की आम्ही दोघंही मान वळवतो, आणि बहुतेक वेळा ती हाक त्याच्यासाठी असते. तो आईच्याच हातची दूध-भाकरी खायचा. दुसऱ्या कुणी कुस्करून दिली तर वास घ्यायचा आणि देणाऱ्याकडे असं बघायचा की देणाऱ्यालाच आपल्या घराण्याविषयी शंका यावी.

काका म्हणजे आईचे धाकटे दीर, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेजारच्याच मळ्यात राहतात. काकू त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या, त्यामुळं घरात चूल काकांच्याच ताब्यात. त्यांनी एकदा भाकरी केली होती. ती त्यांनी रागानं बांधावरून भिरकावली आणि पलीकडचं रानडुक्कर तेव्हापासून लंगडतं.

म्हणून मीच डोकं चालवलं. म्हटलं, “आई, त्याला तयार खाणं लावू. पिशवी तीच, गोळे तेच, ओतणारा हात कुणाचा का असेना.”

आईनं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “त्येनं खाल्लेलं आन पचवलेलं मला कळलं पायजे. तवर मी न्हाई येत. डोळं गेलं तरी न्हाई येत.”

आणि ती हे नुसतं बोलायला बोलत नव्हती. माझ्या आईनं एकदा ‘न्हाई’ म्हटलं की कोयनेचं पाणी उलटं वर चढवणं सोपं.

तर पेठेतलं ते सुटं खाणं आलं. कुत्र्यानं पहिल्या दिवशी हुंगलं, दुसऱ्या दिवशी खाल्लं, आणि मी हरखून सांगलीला परतलो. पाठोपाठ काकांचा फोन.

“गड्या, सिच्युएशन खराब हाय.”

“काय झालं?”

“पुढनं बी चाललंय, मागनं बी चाललंय. जवान जागेवरनं हलंना. वहिनींनी तुझी तारीख कॅन्सल केली.”

मी कपाळाला हात लावला. मग शहाण्या माणसासारखा विचार केला. तोंड उघडं पोतं, कधी भरलं माहीत नाही, कुणी बनवलं माहीत नाही, रात्री उंदीर त्यात काय करून गेले तेही माहीत नाही. खारट लागलं म्हणून चांगलं ठरवायला ते काय लोणचं होतं? डॉक्टरांकडे जाऊन पुढची तारीख घेतली आणि तिथूनच सांगलीतल्या प्राण्यांच्या दुकानात शिरलो.

दुकानात गारवा असा की बाहेरची माणसं केवळ तेवढ्यासाठी कुत्री पाळत असावीत. पिशव्यांवर कुत्र्यांचे फोटो होते, आणि एकेक कुत्रा माझ्या लग्नाच्या फोटोतल्या माझ्यापेक्षा देखणा. दुकानदारानं विचारलं, “ब्रीड कोणतं?”

“कोरेगाव,” मी म्हणालो.

त्यानं चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. एक चकचकीत पिशवी पुढं केली. मी तिची पुढची बाजू बघितलीच नाही. उलटी केली आणि बारीक अक्षरं वाचायला लागलो. पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं? रोजचं पूर्ण जेवण आहे, की मधल्या वेळचा खाऊ? यादीत आधी मांस येतं, की मका, कोंडा आणि मग कुठंतरी शेवटी कोंबडीचा नुसता सुगंध? बनवणाऱ्याचं नाव-गाव आहे का? कधी भरलं, कधीपर्यंत चालेल? मी वाचतोय, वाचतोय. दुकानदारानं आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग म्हणाला, “साहेब, कुत्र्याला वाचता येत नाही.”

“म्हणूनच मी वाचतोय.”

एका पिशवीवर तारखेच्या जागी कागदाची चिकटपट्टी होती. नखानं उचलली तर खाली दुसरी चिकटपट्टी. ती उचलली तर खाली तिसरी. मी उचलत उचलत त्या खाण्याच्या खापरपणजोबांपर्यंत पोचलो. दुकानदार छताकडे बघत होता. मी ती पिशवी जागेवर ठेवली आणि शेजारची घेतली. हिची शिवण शाबूत, तारीख थेट पिशवीवर छापलेली, आणि ती ताजी. मोठ्या कुत्र्याचं रोजचं पूर्ण जेवण, यादीत आधी कोंबडी. घरी बायकोनं किंमत बघितली आणि विचारलं, “माझ्या डब्यात उद्या हेच का?”

कोरेगावला पिशवी पोचली तेव्हा काका हजर होते, हातात स्वतःचा चमचा. फौजेत म्हणे जवानांना वाढण्याआधी साहेब चाखतो. त्याशिवाय लंगरमधून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, ताट हलत नाही. काकांनी एक गोळा खाल्ला, मग खात्रीसाठी आणखी थोडे खाल्ले, मग आईला म्हणाले, “वहिनी, चहा टाका, ह्येच्यासंगं चांगलं जाईल.” आईनंही चावून बघितलं. “त्या पेठंतल्याला चव हुती,” ती म्हणाली. “ह्ये अळणी हाय.” पण कुत्र्यानं खाल्लं.

आणि पुन्हा फोन. “गड्या, एनिमी परत आला.”

आई पुढच्या तारखेला पण नाही म्हणाली. मी सांगलीतून दुसऱ्या कंपनीची पिशवी पाठवली, पहिलीपेक्षा भारी. यादी, तारीख, शिवण पुन्हा तशीच तपासून. त्याचंही तेच झालं. कुत्र्याच्या फासळ्या आता लांबून मोजता येत होत्या. आईनं त्याला पुन्हा दूध-भाकरी सुरू केली, आणि फोनवर मला म्हणाली, “तुझ्या कंपन्यास्नी वाळवी लागू दे. माझं डोळं हायत तसं ऱ्हाऊ देत. दिसतंय तेवढं बास हाय.” त्याच आठवड्यात तिनं लाल तिखटाच्या डब्यातला हात डोळ्याला लावला होता, हे काकांनी वेगळ्या फोनवरून सांगितलं.

मी रजा टाकली, कोरेगावला गेलो आणि आईला म्हटलं, “उद्या सकाळी माझ्यासमोर एकदा दे त्याला.” मनात एकच गोष्ट होती. हे खाणं कुत्र्याला तिच्यासमोर मानवलं नाही तर ती त्या मळ्यात हाताने चाचपत फिरत राहणार, आणि मी सांगलीत बसून फोनची वाट बघत राहणार.

नशीब असं की दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर आमच्या म्हशीची गर्भतपासणी करायला आले. मी गोठ्यात गेलो तेव्हा त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि चेहऱ्यावर भाव असा की सापडली तर बरं, हरवलेली किल्ली. मी त्यांना तिथंच गाठलं. पेठेतलं सांगितलं, सांगलीतलं सांगितलं, पिशव्यांची नावं, तारखा, यादी, सगळं. त्यांनी हात न काढता ऐकून घेतलं.

“पहिलं सुटं होतं ते टाकूनच द्यायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “पण या दोन पिशव्यांत तर काही वाकडं दिसत नाही. मावशी, तुम्ही त्याला देता कसं?”

“जसं देत्यात तसं,” आई म्हणाली.

“म्हणजे कसं?”

“म्हंजे काय कसं? बादलीत.”

डॉक्टरांचा हात आत थांबला. म्हशीनंही मान वळवून आईकडे बघितलं असावं. आईनं गोठ्याच्या कोपऱ्यातली बादली आणून त्यांच्या पुढं ठेवली, वर गोणपाट झाकलेलं. म्हशीची पेंड संध्याकाळी भिजवायची, मूठभर मीठ टाकायचं, गोणपाट टाकायचं आणि सकाळी द्यायची. आमच्या घरात सासूकडून सुनेकडे जे जे आलं त्यात हे सगळ्यात आधी आलं. आणि आईनं कुत्र्याचं खाणंही पहिल्या दिवसापासून तसंच भिजवलं होतं. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. दात घासता का, असं कुणी कुणाला विचारतं का? मला नाही सुचलं विचारायचं, काकांना नाही सुचलं. काका तर चाखत होते कोरडं.

बाहेर उन्हाळा वैशाखातला. रात्रीसुद्धा पत्र्याखाली भट्टी. डॉक्टरांनी मोकळ्या हातानं गोणपाट उचललं. आत एकेक गोळा फुगून गुलाबजामाएवढा झालेला, वर फेस, आणि फेसातून बुडबुडे अशा थाटात येत होते की बादलीला कुणाशी तरी बोलायचं आहे. वास आला आणि गोठ्यातल्या माश्यांनी जागा बदलली. मी तर म्हणेन, त्या बादलीवर दारूबंदी खात्यानं धाड टाकली असती तर आम्हाला जामीन मिळाला नसता.

“हे शिळं मांस, शिळा मका, आणि रात्रभराचं कोमट पाणी,” डॉक्टर म्हणाले. “त्यात मीठ. मावशी, तो अजून उभा आहे हेच विशेष.”

“म्हस कवा आजारी पडली न्हाई माझी,” आई म्हणाली.

“ही म्हस न्हाई, वहिनी,” काका म्हणाले. ते कधी आले ते कुणाला दिसलं नव्हतं.

“तुमी गप बसा. तुमी चमचा घिऊन नाचत हुता, तवा बादली का न्हाई बघितली? फौजंत पाण्याची तपासणी करत न्हाईत व्हय?”

काका दोन पावलं मागं सरले. सुभेदार झाल्यापासून पहिल्यांदाच, असं गाव म्हणतं.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला, म्हैस गाभण असल्याचं जाहीर केलं, आणि धुता धुता सांगितलं. कोरडंच द्यायचं, शेजारी स्वच्छ पाणी. भिजवायचंच असेल तर खायच्या वेळी, तेवढंच, आणि उरलं तर फेकायचं. खाणं पिशवीतच ठेवायचं, तोंड बांधून, झाकणाच्या डब्यात, गोठ्याच्या दमटपणापासून लांब. एकदम बदलायचं नाही, दूध-भाकरी हळूहळू कमी करत जायची. आणि पेठेतलं सुटं कोंबड्यांना घालू का, असं आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “खड्डा काढा.”

आईचं तोंड आंबट झालं होतं. सासूच्या पद्धतीला कुणी नावं ठेवली की तिला सासूचा पुळका येतो. एरवी येत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हशीची बादली म्हशीपुढं ठेवून, तिनं कुत्र्याच्या ताटलीत भाकरी कुस्करली आणि वर कोरडे गोळे टाकले. मोजकेच, देवाला फुलं वाहावीत तसे. कुत्रा भाकरी खाऊन गोळे बाजूला काढायला लागला. पण एक चुकून दाताखाली आला आणि कुडूम झालं. तो दचकला. स्वतःच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. मग दुसरा चावला, मग तिसरा. त्या दिवसापासून त्याला खाण्यापेक्षा आवाजाचंच वेड लागलं. तो जेवायला बसला की कोरेगाव स्टेशनात गाडी आली म्हणून लोक पिशव्या उचलायचे.

रोज द्यायचं किती, हे पिशवीवर कुत्र्याच्या वजनाप्रमाणे लिहिलेलं. म्हणून काकांनी त्याला उचलून पेठेत नेलं आणि पेंडीच्या काट्यावर बसवलं. व्यापारी मापाकडे बघत म्हणाला, “आता ह्येला चावून बघायचं कुणी?” कुत्र्यानं दात दाखवले आणि प्रश्न तिथंच मिटला.

पचलं का ते बघायला आई रोज सकाळी त्याच्या मागं मागं बांधापर्यंत जायची. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तर काकांना विचारायची. “घट हाय का?” काका लांबून वाकून बघायचे आणि कडक आवाजात सांगायचे, “घट हाय, वहिनी!” दोन मळ्यांपलीकडून कुणी विचारायचं, “काय घट हाय, सुभेदार?” आणि काका ते पण सांगायचे. भाकरी कमी होत गेली, गोळे वाढत गेले, कुत्र्याच्या पाठीवर हात फिरला तर हाडाऐवजी अंग लागायला लागलं. एक दिवस आई आत गेली, नवीन लुगड्याची घडी काढली आणि मला फोन लावून म्हणाली, “तारीख घे.”

निघताना तिनं पिशवीचं तोंड कसं बांधायचं ते काकांना इतक्या वेळा दाखवलं की काकांनी शेवटी सॅल्यूट ठोकला. मग कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि एस.टी.कडे चालायला लागली. तो मळ्याच्या फाटकापर्यंत आला, थांबला आणि परत ताटलीकडे गेला. आईनं ते पाहिलं नाही, बरं झालं.

सांगलीत ऑपरेशन झालं. ती ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडून डॉक्टरांना विचारत होती की तुमच्याकडे कुत्रं आहे का, आणि असलं तर काय देता. डॉक्टर म्हणाले, “काकू, डोळा हलवू नका.” ती म्हणाली, “डोळा कुठं हलतोय, तोंड हलतंय.” नंतर काळा चष्मा लावून ती माझ्या फ्लॅटमधे बसायची, डोळ्यात थेंब घालून घ्यायची आणि दर संध्याकाळी काकांना फोन लावायला लावायची.

“खाल्लं का?”

“सब कुछ ओके, वहिनी.”

“पचलं का?”

“घट हाय, वहिनी!”

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी तिला घेऊन कोरेगावला गेलो. फाटकात काका इस्त्रीच्या शर्टात उभे, शेजारी कुत्रा, अंगावर अशी तकाकी की शेजारचा मेंढपाळ त्याला विकत मागून गेला होता. आई गाडीतून उतरली आणि कुत्र्यानं उडी घेतली ती थेट तिच्या खांद्यावर. मी ओरडलो, “डोळा! डोळा सांभाळ!” काकांनी त्याला मागे खेचलं. तिनं चष्मा काढला. कुत्र्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, गोठ्याकडे, झाडाकडे, मग ओट्याकडे. इतक्या महिन्यांत तिला असं चौफेर बघताना मी पाहिलं नव्हतं.

“आई,” मी म्हटलं, “दिसतंय का गं नीट सगळं?”

ती ओट्यावरच्या कुत्र्याच्या ताटलीकडे बघत होती.

“भावजींनी भांडं घासल्यालं न्हाई,” ती म्हणाली.